कान आणि काठिण्य: 'राइट ऑफ स्प्रिंग'मधील बॅसूनवादन, त्याचे श्रोते आणि मराठी श्रवणसंस्कार

गोषवारा

ईगोर स्ट्राविन्स्की यांच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या नृत्यरचनेचा प्रारंभ बॅसून या सुषिर वाद्याच्या एकल वादनाने होतो. १९१३ साली पॅरिसमध्ये या रचनेच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी श्रोत्यांनी दिलेली प्रतिक्रिया संगीताच्या इतिहासात सर्वपरिचित झाली आहे. प्रस्तुत निबंधात त्या प्रतिक्रियेची विश्वसनीयता तपासून, तेच वादन मराठी श्रवणसंस्कारात वाढलेल्या श्रोत्याला कसे प्रतीत होईल याचा विचार केला आहे. श्रोत्याची प्रतिक्रिया हा कलाकृतीवरील निवाडा नसून श्रोत्याच्या कानाच्या घडणीचा पुरावा असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा: बॅसून, सनई, श्रवणसंस्कार, दाद, काठिण्य, संगीतसमीक्षा.

प्रस्तावना

संगीतसमीक्षेत श्रोत्याच्या प्रतिक्रियेला नेमके कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न जुना असला तरी आजही अनुत्तरित आहे. मराठीतील संगीतविषयक लेखन पाहिले असता मैफिलीचे वर्णन बहुधा श्रोत्यांच्या प्रतिसादापाशी येऊन थांबते, असे दिसते. श्रोत्यांनी गायकाला डोक्यावर घेतले, अमुक पदाला 'वन्स मोअर' मिळाला, अमुक रागाच्या वेळी सभागृह स्तब्ध झाले, अशी नोंद झाली की गुणवत्ता सिद्ध झाली असे मानले जाते. याउलट एखादी रचना श्रोत्यांना कळली नाही, तर तो दोष रचनेच्या पदरी टाकला जातो. दाद ही अशा रीतीने नोंद न राहता निकष बनते.

दादेला निकष मानण्यात कोणता धोका आहे, हे पाहण्यासाठी पाश्चात्त्य संगीतातील एक प्रसिद्ध उदाहरण उपयुक्त ठरते. 'राइट ऑफ स्प्रिंग'च्या आरंभीचे बॅसूनवादन वाजवण्यास अवघड म्हणून ख्यात आहे, आणि ऐकण्यासही अवघड म्हणून त्याची ख्याती झाली. हे वादन जे एकेकाळी हसण्यावारी नेले गेले तेच पुढे जगभरच्या वाद्यवृंदांतील बॅसूनवादकांच्या निवडचाचणीचा नेहमीचा भाग बनले. स्वर तेच राहिले. बदलले ते वाजवणारे हात आणि ऐकणारे कान. या बदलाचा अर्थ लावणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

स्ट्राविन्स्की हे नाव मराठी संगीतविचाराला परके नाही. डॉ. अशोक दा. रानडे यांनी सत्तरच्या दशकात 'स्ट्राविन्स्कीचे सांगीतिक सौंदर्यशास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. मात्र स्ट्राविन्स्कीचा विचार मराठीत आला, तसा त्याचा नाद मराठी कानांवर किती आला, हा प्रश्न वेगळा आहे. नाशिकसारख्या शहरातील श्रोत्याचा विचार करता तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

वाद्य आणि वादन

बॅसून हे लाकडी सुषिर वाद्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चतुर्विध वर्गीकरणात ते सनईच्याच वर्गात बसते. त्याहूनही जवळचे नाते म्हणजे दोन्ही वाद्यांत ध्वनी निर्माण होतो तो दुहेरी पत्तीतून. ओठांमध्ये धरलेल्या दोन पातळ पात्यांमधून हवा फुंकली की पाती थरथरतात आणि नळीतील हवेचा स्तंभ निनादू लागतो. सनईची नळी आखूड आणि सरळ असते. बॅसूनची नळी उलगडली तर सुमारे अडीच मीटर भरते. ती दुमडून वाद्य हाताळण्याजोगे केलेले असते. नळी लांब म्हणून आवाज खर्जातला. वाद्यवृंदात बॅसूनने दीर्घकाळ मुख्यतः खालच्या सुरांचा आधार देण्याचे काम केले.

बॅसूनला एकल वादन मिळतच नव्हते, असे मात्र नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या 'शेहेराझाद'मध्ये (१८८८) त्याला मुक्त लयीची सुरावट आहे. चायकोव्हस्की यांची सहावी सिंफनी (१८९३) बॅसूनच्या खर्जातील खिन्न स्वरांनीच सुरू होते. पॉल ड्युका यांच्या 'सॉर्सरर्स अप्रेंटिस'मध्ये (१८९७) ते गमतीदार चालीने अवतरते. आधार, खिन्नता आणि विनोद या तीन भूमिकांत पॅरिसच्या श्रोत्याला बॅसूनचा परिचय होता. स्ट्राविन्स्की हे रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचे शिष्य. ही परंपरा त्यांना पूर्ण अवगत होती.

'राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये स्ट्राविन्स्की यांनी या तिन्ही भूमिका बाजूला सारल्या. पडदा उघडण्यापूर्वी, कोणत्याही साथीविना, बॅसून पियानोच्या मधल्या 'सी'च्या वरच्या सप्तकातील 'सी' धरते. हा पहिला स्वर ताणून ठेवलेला आहे. त्यानंतर लहान लहान कणस्वरांनी सजलेली सुरावट काही मोजक्या स्वरांभोवती फिरत राहते. लय संथ आणि सैल आहे. ही सुरावट लिथुआनियन लोकगीतांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या एका संग्रहातून घेतलेली आहे. लोकसंगीतातून आलेली ही सुरावट बॅसूनच्या प्रकृतीला न मानवणाऱ्या उंचीवर नेऊन ठेवणे, ही येथील मुख्य कृती होय.

त्या उंचीवर बॅसूनचा नेहमीचा भरदार आवाज राहत नाही. तो बारीक, किंचित घुसमटलेला, दुरून आल्यासारखा होतो. नेहमीच्या बोटांच्या जागा तेथे पुरेशा पडत नाहीत; वादकाला पर्यायी जागा, ओठांचा वेगळा दाब आणि श्वासावर कडक नियंत्रण यांचा आश्रय घ्यावा लागतो. स्वर फुटण्याची वा निसटण्याची भीती सतत असते. शिवाय हे सारे एकट्याने, निःशब्द सभागृहात आणि रचनेच्या पहिल्याच क्षणी करावयाचे असते. चूक झाकणारे दुसरे कोणी नसते.

१९१३: प्रतिक्रियेची कथा आणि तिची तपासणी

२९ मे १९१३ रोजी पॅरिसमधील तेआत्र दे शाँझेलिझे या त्याच वर्षी उघडलेल्या नाट्यगृहात सेर्गेई दियागिलेव्ह यांच्या 'बॅले रूस' संस्थेने हा प्रयोग सादर केला. नृत्यरचना वास्लाव्ह निजिन्स्की यांची होती आणि वाद्यवृंदाचे संचालन प्येर माँतो यांनी केले. प्रयोगात गोंधळ झाला, प्रेक्षकांचे दोन तट पडले, हुर्यो आणि टाळ्या यांत वाद्यवृंद बुडून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. बॅसूनच्या आरंभीच्या स्वरांवरच सभागृहात हशा सुरू झाला, असे स्ट्राविन्स्की यांनी पुढे आत्मकथनात लिहिले.

या कथेचा सर्वांत लोकप्रिय भाग कामीय साँ-साँस या ज्येष्ठ फ्रेंच संगीतकाराविषयी आहे. बॅसूनचा हा दुरुपयोग सहन न होऊन ते सभागृह सोडून गेले, असे सांगितले जाते. परंतु साँ-साँस त्या रात्री तेथे होते आणि उठून गेले, ही गोष्ट कोणी रचली हे आपणास ठाऊक नाही, असे स्ट्राविन्स्की यांनीच नंतर म्हटले. अर्थात ज्या प्रतिक्रियेने हे वादन प्रसिद्ध झाले, ती प्रतिक्रियाच बहुधा घडलेली नाही. आणखी एक बाब येथे लक्षणीय ठरते. याच साँ-साँस यांनी १९२१ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बॅसूनसाठी सोनाटा लिहिला आणि तो आज त्या वाद्याच्या वाङ्मयातील मान्यवर रचनांपैकी एक आहे. बॅसूनच्या सन्मानासाठी उठून गेलेला म्हातारा हे चित्र आकर्षक आहे. परंतु बॅसूनसाठी अखेरच्या वर्षात रचना करणारा संगीतकार हे चित्र खरे आहे.

इतर साक्षीदारांची स्थितीही फारशी वेगळी नाही. गर्ट्रूड स्टाइन आणि कार्ल व्हॅन वेक्टन या दोन अमेरिकन लेखकांची वर्णने वारंवार उद्धृत होतात. ते दोघे पहिल्या नव्हे तर दुसऱ्या प्रयोगाला उपस्थित होते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. स्टाइन यांच्या वर्णनात तर गोंगाटामुळे संगीत ऐकूच आले नाही, असा आशय आहे. रिचर्ड टॅरुस्किन यांच्यासारख्या संगीतेतिहासकारांनी असेही मांडले आहे की, त्या रात्रीचा रोष संगीतापेक्षा निजिन्स्की यांच्या नृत्यरचनेवर अधिक होता. या मताला बळकटी देणारी घटना पुढील वर्षी घडली. ५ एप्रिल १९१४ रोजी माँतो यांनी हीच रचना नृत्याशिवाय, केवळ वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात, पॅरिसमध्येच सादर केली. त्या वेळी श्रोत्यांनी तिचे जोरदार स्वागत केले आणि कार्यक्रमानंतर स्ट्राविन्स्की यांना खांद्यांवर घेऊन मिरवले गेले.

शहर तेच, संचालक तेच, स्वर तेच आणि अंतर एका वर्षाहून कमी. एवढ्या अवधीत प्रतिक्रिया हुर्योपासून जयजयकारापर्यंत गेली. प्रतिक्रिया हा जर कलाकृतीवरील निवाडा असेल, तर दोन्ही निवाडे एकाच वेळी खरे मानावे लागतील. तसे मानता येत नाही. म्हणून प्रतिक्रियेकडे निवाडा म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहणे क्रमप्राप्त ठरते. हा पुरावा कशाचा, याचा शोध पुढे घ्यावयाचा आहे.

काठिण्याचे दोन प्रकार

या वादनाच्या संदर्भात 'अवघड' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत होते. पहिले काठिण्य वादकाचे. ते बोटांचे, ओठांचे आणि श्वासाचे आहे. दुसरे काठिण्य श्रोत्याचे. हे वाद्य कोणते, हा स्वर कोठून येतो, हा पुरुषी की बायकी, सुरेल की पिचलेला, हे ठरवता न येण्यातून ते निर्माण होते. पॅरिसच्या श्रोत्याच्या कानात बॅसूनचा खर्ज ठसलेला होता. त्या ओळखीच्या वाद्याने अनोळखी आवाज काढला म्हणून तो दचकला. ओळख नसती तर दचकणेही नसते.

काळाच्या ओघात ही दोन्ही काठिण्ये सारख्या गतीने ओसरली नाहीत. वाद्यांची घडण सुधारली, शिक्षणाच्या पद्धती पक्क्या झाल्या आणि जे वादन एकेकाळी धाडस होते ते अभ्यासक्रमाचा भाग झाले. वादक ते फारच सहज वाजवू लागल्याने ते दरवर्षी थोडे वरच्या स्वरात न्यावे, असे स्ट्राविन्स्की म्हणत, अशी आख्यायिका बॅसूनवादकांत प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातील जाण मोलाची आहे. रचनाकाराला केवळ विशिष्ट स्वर नको होते. त्या स्वरांपर्यंत पोहोचण्यातील ताणही हवा होता. वसंताचे आगमन म्हणजे रशियन हिवाळ्याने गोठलेली जमीन फुटण्याचा क्षण. तो सुखासुखी होत नाही. ताण हा येथे वादनातील दोष नसून आशयाचा भाग आहे.

मग आजचे निर्दोष वादन आशयाशी प्रतारणा करते काय? या प्रश्नाचे उत्तर सरळ नकारार्थी वा होकारार्थी देता येत नाही. वादकाचे कष्ट कमी झाले तरी त्या उंचीवरील बॅसूनचा बारीक, विरळ नाद बदलत नाही, कारण तो वाद्याच्या घडणीतून येतो. ज्याला बॅसूनचा नेहमीचा आवाज ठाऊक आहे, त्याला आजही त्या नादातील विपरीतता जाणवते. कष्ट ऐकू येत नाहीत. अपरिचय मात्र ऐकू येऊ शकतो. तो कोणाला ऐकू येईल, हे श्रोत्याच्या पूर्वपरिचयावर अवलंबून आहे.

भारतीय मैफिलीतील काठिण्याशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी अवघड मानली जाते. अल्लादिया खाँ यांनी प्रचारात आणलेले अनवट आणि जोडराग, लयीला बिलगून जाणारी गुंतागुंतीची तानक्रिया, यांमुळे तिला जाणकारांची गायकी म्हटले गेले. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मीमांसा करताना या गायकीच्या बुद्धिनिष्ठ बांधणीला मोठे स्थान दिले. या घराण्याच्या अग्रगण्य गायिका केसरबाई केरकर श्रोत्यांकडून पूर्ण अवधान मागत. मात्र या गायकीत अवघड गोष्ट अवघड वाटू न देणे ही कसोटी असते. गायकाचे कष्ट दिसले तर दाद कमी होते. 'किती सहज' हा येथील सर्वोच्च अभिप्राय आहे. 'राइट'मधील बॅसूनवादनाची मूळ कसोटी याच्या उलट आहे. तेथे सहजता पूर्ण साधली तर काहीतरी हरवते. काठिण्य लपवणारी परंपरा आणि काठिण्य ऐकवणारी रचना यांना एकाच दादेच्या मापाने मोजणे म्हणूनच अनुचित ठरते.

या दोन टोकांची गाठ एका विलक्षण ठिकाणी पडली आहे. १९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची सोनेरी तबकडी आहे. तीत 'राइट ऑफ स्प्रिंग'मधील अखेरचे बलिनृत्य आहे आणि केसरबाईंनी गायिलेली भैरवीही आहे. ज्या श्रोत्याच्या कानाची कोणतीही घडण गृहीत धरता येत नाही, अशा श्रोत्यासाठी हे दोन्ही नाद पाठवले गेले. तेथे हुर्यो नाही, दादही नाही. केवळ ध्वनी आहे. ही कल्पना समीक्षेला अंतर्मुख करणारी आहे.

मराठी श्रवणसंस्कार आणि दुहेरी पत्ती

मराठी श्रोत्याचा कान दुहेरी पत्तीच्या वाद्याला अपरिचित नाही. सनई-चौघड्याशिवाय लग्नकार्य पुरे होत नाही. गोदाकाठच्या मंदिरांतील उत्सव असोत वा मंगल कार्यालयाचा दरवाजा असो, सनईचा सूर कानी पडला की श्रोत्याच्या मनात प्रथम जागा होतो तो मांगल्याचा भाव. राग कोणता, तान कशी घेतली, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सनई ऐकली जात नाही, ती जाणवते. ती कार्याची खूण असते.

या खुणेला संगीताचा दर्जा मिळवून देणे हेही एक अवघड काम होते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी १९३७ च्या कलकत्ता येथील संगीत परिषदेत आणि त्यानंतरच्या दीर्घ कारकिर्दीत सनईला मैफिलीच्या मंचावर मानाने बसवले. १५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्यसोहळ्यात त्यांची सनई निनादली आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. महाराष्ट्रात सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान अशा सुंदरी या दुहेरी पत्तीच्या वाद्याला मैफिलीत स्थान मिळवून दिले. दारातील वाद्य दिवाणखान्यात आले, तेव्हा श्रोत्याला आपला कान बदलावा लागला. मांगल्याची खूण बाजूला ठेवून स्वर ऐकावे लागले.

येथे बॅसून आणि सनई यांची वाटचाल परस्परांना उजळून टाकते. पॅरिसमध्ये ओळखीच्या वाद्याला अनोळखी करण्यात आले. भारतात ओळखीमुळे न ऐकल्या जाणाऱ्या वाद्याला ऐकण्याजोगे करण्यात आले. दोन्ही ठिकाणी श्रोत्याची जुनी सवय हाच अडथळा होता. फरक एवढाच की, एका ठिकाणी सवय एका रात्रीत मोडली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ती कित्येक वर्षांत, श्रोत्याचा मान राखून, पालटत गेली.

नाशिकचा श्रोता

वरील विवेचनाच्या आधारे नाशिकच्या श्रोत्याचा विचार करता येतो. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंदाची परंपरा आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची उभारणी केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांनी १९६९ साली लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकसह 'राइट ऑफ स्प्रिंग'चे ध्वनिमुद्रण केले. २००६ साली राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. परंतु मुंबईपासून दोनशे किलोमीटरांच्या आत असलेल्या नाशिकमध्ये बॅसून प्रत्यक्ष ऐकण्याची संधी सर्वसामान्य श्रोत्याला सहसा मिळत नाही. त्याच्या कानावर सनई आहे, नाशिक ढोलाचा गजर आहे, वरातीतील बँडमधील क्लॅरिनेट आणि ट्रंपेट आहेत. बँडच्या या ताफ्यात बॅसूनला जागा नसते.

अशा श्रोत्याने 'राइट'चा आरंभ ऐकला तर तो पॅरिसच्या श्रोत्याप्रमाणे दचकेल काय? वरील विवेचनानुसार तो बॅसूनमुळे दचकण्याचे कारण नाही. बॅसूनचा खर्ज त्याच्या कानात ठसलेलाच नसल्याने त्या वाद्याने वरच्या सप्तकात गाणे यात त्याला विपरीत काही वाटणार नाही. तालाविना सुरू होणारी संथ सुरावट, ताणून धरलेला पहिला स्वर, कणस्वरांनी सजलेले मोजक्या स्वरांभोवतीचे फिरणे, हे सारे आलाप ऐकलेल्या कानाला ओळखीचे आहे. पॅरिसच्या श्रोत्याला जेथे आधार सापडला नाही, तेथे मराठी श्रोत्याला घरचे काही सापडण्याचा संभव अधिक.

त्याची अडचण पुढच्या क्षणी सुरू होते. दुसऱ्या मापातच हॉर्न प्रवेश करते आणि मूळ सुरावटीत न बसणारा 'सी-शार्प' वाजवते. तानपुऱ्याच्या षड्जावर वाढलेला कान सवयीने 'सा' शोधू लागतो. बॅसूनच्या पहिल्या स्वराला 'सा' मानावे तर हॉर्नचा स्वर त्याला लगटून घासतो. दुसऱ्या स्वराला मानावे तर आलापाची बांधणी कोसळते. पुढे एकामागून एक वाद्ये येत जातात आणि प्रत्येक जण आपापला 'सा' घेऊन आल्यासारखे वाटते. मराठी श्रोत्याचा गोंधळ येथे आहे. म्हणजे त्याला अवघड वाटणारी जागा पॅरिसच्या श्रोत्याला अवघड वाटलेल्या जागेहून भिन्न आहे. एकाला वाद्य कळेना, दुसऱ्याला षड्ज सापडेना. रचना एकच, काठिण्य कानागणिक वेगळे.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पाश्चात्त्य पुस्तकांत वाचलेली १९१३ ची प्रतिक्रिया मराठी श्रोत्याने उसनी घेणे हे श्रवण नव्हे. 'या वादनाने पॅरिस हादरले' हे वाचून जो हादरण्याच्या अपेक्षेने ऐकतो, तो स्वतःच्या कानाने ऐकत नाही. त्याला हादरा बसला नाही तर तो स्वतःला अरसिक समजतो, आणि बसल्याचे भासवले तर तो अप्रामाणिक ठरतो. दोन्ही परिणाम संगीतशिक्षणाला मारक आहेत.

श्रोत्याच्या घडणीचा विचार नाशिकला नवा नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, १९२० च्या दशकात, रामनाम आधाराश्रमाच्या रूपाने नाशिक ही आपली कर्मभूमी केली. त्यांनी गायकांची पिढी घडवली हे सर्वमान्य आहे. पण संगीताला दरबार आणि कोठी यांतून बाहेर काढून सार्वजनिक सभेत आणताना त्यांनी श्रोत्यांचीही पिढी घडवली, हे तितकेच मोलाचे कार्य आहे. वेळेवर येणारा, शांत बसणारा, संगीताकडे आदराने पाहणारा श्रोता आपोआप जन्मत नाही. तो घडवावा लागतो. सगळेच तानसेन होणार नाहीत, पण कानसेन व्हावेत, ही पलुस्करांच्या नावाशी जोडली गेलेली आकांक्षा याच अर्थाने घ्यावयास हवी.

आक्षेप आणि विचार

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. प्रतिक्रिया हा केवळ कानाच्या घडणीचा पुरावा असेल, तर चांगले आणि वाईट संगीत असा भेद उरणार नाही. कोणत्याही बेसूर वादनाचा बचाव 'श्रोत्याचा कान तयार नाही' असे म्हणून करता येईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. अनेक सुमार प्रयोगांनी 'राइट ऑफ स्प्रिंग'च्या गोंधळाचा दाखला देऊन स्वतःचे समर्थन केले आहे. हुर्यो झाली म्हणजे कलाकृती थोर, हे समीकरण 'टाळ्या पडल्या म्हणजे कलाकृती थोर' या समीकरणाइतकेच चुकीचे आहे.

तथापि या आक्षेपाचे निरसन शक्य आहे. प्रतिक्रिया निकष नाही, याचा अर्थ निकषच नाहीत असा होत नाही. निकष रचनेतच शोधावे लागतात. 'राइट'मधील बॅसूनवादन टिकले ते पॅरिसमध्ये गोंधळ झाला म्हणून नव्हे. त्यातील उंची, नाद, सुरावट आणि स्थान यांचा परस्परांशी अतूट संबंध आहे म्हणून ते टिकले. तीच सुरावट बासरीवर सहज वाजेल; पण मग तीत जमीन फुटण्याचा भाव राहणार नाही. तेच बॅसून खालच्या सप्तकात भरदार वाजेल. पण मग ते दुरून, काळाच्या पलीकडून आल्यासारखे वाटणार नाही. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया' या चित्रपटात याच रचनेवर पृथ्वीची उत्पत्ती आणि डायनोसॉर दाखवले गेले. रशियन ग्रामविधीऐवजी अवकाश आले तरी आरंभीचे वादन तेथे विसंगत वाटत नाही, याचे कारण त्यातील आदिमतेचा भाव कथेवर नव्हे, नादावर उभा आहे. ही परीक्षा रचनेची आहे. ती दादेने वा हुर्योने होत नाही.

समारोप

'राइट ऑफ स्प्रिंग'मधील बॅसूनवादनाच्या प्रतिक्रियांचा इतिहास तीन गोष्टी दाखवतो. पहिली, प्रसिद्ध प्रतिक्रिया नेहमीच विश्वसनीय नसते. साँ-साँस यांची कथा हे त्याचे उदाहरण. दुसरी, काठिण्य ही रचनेत पडून असलेली वस्तू नसून रचना आणि कान यांच्यातील संबंध आहे. कान बदलला की ते जागा बदलते. तिसरी, मराठी श्रोत्याजवळ या वादनाकडे जाण्याचा स्वतःचा मार्ग आहे आणि तो सनईच्या दुहेरी पत्तीतून व आलापाच्या सवयीतून जातो.

महाविद्यालयीन पातळीवर पाश्चात्त्य संगीताचा परिचय करून देताना याचा व्यवहारात उपयोग होऊ शकतो. रचनेचे नाव, रचनाकार आणि १९१३ ची कथा आधी न सांगता केवळ ध्वनी ऐकवावा. हे वाद्य कोणते वाटते आणि कोणत्या क्षणी कान अडखळतो, हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे. आणि त्यानंतरच इतिहास सांगावा. अशा नोंदींतून रचनेची किंमत ठरणार नाही, परंतु ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानाची ओळख होईल. संगीतसमीक्षेची सुरुवात त्या ओळखीतून होते. दाद त्यानंतरची.